तीन डोस आणि आकडा तीन

जुलै २०२३. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचं एक तालुक्याचं गाव, बाहेर धो धो पाऊस. एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लाइट गेलेली, काम इन्व्हर्टरवर चाललेलं. शेवटचा पेशंट गेला आणि ४७ वर्षांचे टेक्निशियन वापरलेल्या सुईला टोपण लावायला गेले. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, हे नव्या मुलांना तेच शिकवतात. त्या अपुऱ्या उजेडात टोपण चुकलं आणि सुई डाव्या अंगठ्यात गेली.

लॅबमध्ये सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून इथे मीही भाऊच म्हणतो. ही हकीकत त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अंगठा साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतला आणि त्यांनी मला फोन केला. मी दोनच गोष्टी विचारल्या. रक्त कोणाचं होतं? आणि हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का?

“तीन डोस झालेत. कार्ड आहे.”

“आणि टायटर?”

पलीकडून उत्तर आलं नाही. लस घेतल्यावर अंगात अँटीबॉडी किती तयार झाल्या ते बघायला रक्त तपासतात, त्या आकड्याला आम्ही टायटर म्हणतो. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारा लिव्हरचा आजार, त्याच्या बाबतीत हा आकडा १० किंवा त्याहून जास्त आला तर माणूस सुरक्षित धरतात. ही तपासणी शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी करायची असते. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या माणसाची ती कुणी केली नव्हती.

एचआयव्हीची धास्ती सगळ्यांना असते, पण बाधित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीचा, लस न घेतलेल्या माणसात, ६ ते ३० टक्के. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस टिकतो. ज्याच्या अंगात अँटीबॉडी नाहीत त्याला सुई टोचल्यावर शक्यतो २४ तासांच्या आत तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, द्यावं लागतं. भाऊंच्या वजनाला ते पावणेचार मिली लागलं असतं. ते आमच्या गावात मिळत नाही. बर्फाच्या डब्यात घालून कोल्हापूरहून करूळ घाटाने खाली आणायचं, आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर घाट बंद. त्या रात्री मी कोल्हापूरला फोन करून ठेवला होता.

सुदैवाने ते रक्त ज्यांचं होतं ते आजोबा लगेच तपासणीला तयार झाले. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, तिन्ही निगेटिव्ह. भाऊंच्या बायकोने दुसऱ्या दिवशी देवाला नारळ ठेवला.

तिसऱ्या दिवशी भाऊंचं टायटर आलं. तीन.

आधी सोपी कारणं

तीन डोस घेऊन आकडा तीन म्हणजे लसीने काहीच केलं नाही, असं लगेच म्हणू नये. आधी साध्या शंका फेडून घ्याव्या लागतात.

पहिली शंका लसीवरच. हिपॅटायटिस बीची लस म्हणजे यीस्टमध्ये तयार केलेलं, विषाणूच्या बाहेरच्या कवचावरचं एकच प्रथिन, ॲल्युमिनियमच्या क्षाराला चिकटवलेलं. ती २ ते ८ अंशांत ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. गोठली की ते मिश्रण फुटतं आणि लस वाया जाते. आमच्याकडे लाइटचा खेळ वर्षभर चालू असतो, तेव्हा फ्रिजवर संशय घेणं रास्तच. पण त्याच दिवशी, त्याच फ्रिजमधून, त्याच बॅचची लस लॅबमधल्या दोन तरुण मुलांनीही घेतली होती. त्यांची टायटर काढली. एकाची ६४०, दुसरीची १००० च्या वर. लस चांगली होती.

दुसरी शंका जागेवर. ही लस दंडातच द्यायची असते. कमरेखाली दिली तर ती स्नायूऐवजी चरबीत जाते आणि प्रतिसाद पडतो. आपल्याकडे ‘कमरेत सुई’ ही जुनी सवय आहे, म्हणून खोदून विचारलं. तिन्ही दंडात. मग सुईची लांबी? २०१० साली जाड अंगाच्या किशोरवयीन मुलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात एक इंची सुईपेक्षा दीड इंची सुईने दिलेल्या लसीला जास्त अँटीबॉडी तयार झाल्या होत्या. पण भाऊंचा दंड माझ्या मनगटाहून फार जाड नाही. तिथे चरबीचा थर असा नाहीच. ही शंकाही गेली.

तिसरी, वेळापत्रक. पहिले दोन डोस २०१९च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. तिसरा मे २०२०ला हवा होता, टाळेबंदीमुळे सप्टेंबरात झाला. उशिराने बिघडत नाही. डोस लवकर दिला तर नुकसान, उशिरा दिला तर नाही.

चौथी, भाऊंना आधीच हा आजार नकळत होऊन गेला असेल, किंवा आत्ता असेल. असं असलं तरी हे टायटर शून्याजवळ येऊ शकतं. तपासलं, तसं काही नव्हतं. किडनी ठीक. एचआयव्ही निगेटिव्ह.

राहिली पाचवी, सर्वांत नेहमीची. आकडा तेव्हा वर गेला असेल आणि तीन वर्षांत उतरला असेल. असं पुष्कळांचं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं नसतं, कारण अँटीबॉडी उतरल्या तरी पेशींची आठवण राहते. ही आठवण आहे का ते बघायचा सोपा मार्ग म्हणजे आणखी एक डोस देणं. आठवण असेल तर चार-सहा आठवड्यांत आकडा एकदम उसळतो. जुलैअखेर डोस दिला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाऊंनी स्वतःच रक्त काढलं आणि मोठ्या लॅबला पाठवलं. दोन दिवसांनी मलाच विचारायला आले, “आकडो इलो?”

सहा.

म्हणजे उतरलेला आकडा नव्हे. तो कधी चढलाच नव्हता.

मान

रिपोर्ट हातात घेऊन ते समोरच्या खुर्चीत खाली मान घालून बसले होते. तेव्हा मला ती दिसली. मानेच्या मागच्या घडीत काळसर, मखमली पट्टा, शेजारी दोन-तीन बारीक चामखिळी. उन्हाने रापलेल्या कातडीत हा पट्टा सहज लपतो. रक्तात इन्सुलिन जास्त फिरत असल्याची ही खूण. इतके महिने हा माणूस माझ्यासमोर होता आणि मी त्याच्या दंडाकडेच बघत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

उंची १६५ सेंटीमीटर, वजन ६३ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २३.१, म्हणजे आपल्यासाठी ठरवलेल्या मापात जेमतेम उंबरठ्यावर. कंबर मात्र ९४ सेंटीमीटर. पुरुषाची ९० च्या आत हवी. हातपाय काटकुळे, पोट पुढे.

हा शरीराचा नमुना पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वर्षानुवर्षं अभ्यासला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटनमधल्या सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा सारखाच वजन दाखवतो आणि आत दोन वेगळी शरीरं असतात. भाऊ त्या फोटोतल्या आपल्या बाजूचे.

भाऊंची बायको सोबत होती. ती म्हणाली, “राती तीन-तीन खेपा उठतत. माका वाटला, वय झाला.”

भाऊंनी मात्र हसण्यावारी नेलं. “डॉक्टरांनू, माका साखर खंयसून येतली? मी तर सुको बांगडो.”

उपाशीपोटी साखर १६८. तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, ९.१. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २९०. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. गेली वीस वर्षं तालुक्याची साखर ज्या मशीनवर ते मोजत आले, त्या मशीनवर त्यांनी स्वतःचा थेंब कधी ठेवला नव्हता.

पेशीला काम करायला काय लागतं

आता प्रश्न असा की दंडातल्या लसीचा पोटाच्या चरबीशी संबंध काय? हा प्रश्न भाऊंनीही विचारला, आणि मला तो नीट समजावून सांगायचा होता, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं.

लस टोचली की तिथल्या पेशी ते प्रथिन उचलतात आणि काखेतल्या लसिका गाठीत नेतात. तिथे लाखो लिम्फोसाइट पेशी असतात, मुख्यतः टी-पेशी आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी. त्यातल्या अगदी मोजक्यांनाच हे नेमकं प्रथिन ओळखता येतं. ओळख पटेपर्यंत अशा पेशीचा खर्च फार थोडा. तिची मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चुली, सावकाश जळत असतात, एखाद्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच असावीत आणि सकाळी वाटीभर पेजेवर भागावं, तसं.

ओळख पटली की त्या घरात लावणी सुरू होते. पेशी फुगते आणि दिवसातून दोन-तीनदा दुप्पट होऊ लागते. प्रत्येक वेळी नवं आवरण, नवी प्रथिनं, डीएनएची पूर्ण नवी प्रत. त्यासाठी ती ग्लुकोज आत घेणारे दरवाजे एकदम वाढवते आणि साखर जाळायची रीतच बदलते. मायटोकॉन्ड्रियामध्ये पूर्ण जाळली तर ग्लुकोजच्या एका रेणूतून ऊर्जेची ३० च्या आसपास नाणी, म्हणजे एटीपी, मिळतात. पण वाढणारी पेशी ऑक्सिजन हाताशी असूनही बरीचशी साखर अर्धवटच फोडते आणि तिथे दोनच नाणी मिळवते. ओटो वारबुर्ग यांना १९२० च्या दशकात ही गोष्ट कर्करोगाच्या पेशींत दिसली होती. वरवर उधळपट्टी, पण तीत हिशोब आहे. साखर पूर्ण जाळली की तिच्यातला कार्बन धूर होऊन जातो. अर्धवट फोडली तर तोच कार्बन नव्या पेशीच्या भिंती बांधायला हाताशी राहतो. लावणीच्या दिवसांत तांदूळ फक्त शिजवायचा नसतो, बियाणंही त्यातूनच काढायचं असतं.

दोन आठवड्यांत हे काम ओसरतं. बहुतेक पेशी मरतात. थोड्या मागे राहतात त्या दोन प्रकारच्या. आठवण धरून बसलेल्या पेशी पुन्हा मायटोकॉन्ड्रियाकडे वळतात आणि स्निग्धावर, काटकसरीने, वर्षानुवर्षं जगतात. आणि अँटीबॉडी तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी हाडांच्या मगजात जाऊन बसतात. अशी एकेक पेशी सेकंदाला हजारो अँटीबॉडी बाहेर सोडते. त्या अँटीबॉडींवर साखरेच्या साखळ्या जोडाव्या लागतात, त्यासाठीही ग्लुकोज लागतं. म्हणजे टायटरचा आकडा हा मुळात चयापचयाचा आकडा आहे. केव्हा उधळायचं आणि केव्हा काटकसर करायची, हा फेर पेशीला जमला की नाही, ते तो सांगतो.

इथे भाऊंनी मला अडवलं. “साखर वाढली म्हणजे खाणा भरपूर. मगे पेशींका आणखी काय व्हया?”

फार चांगला प्रश्न. रक्तात साखर भरपूर असणं आणि पेशीला वेळेवर, नेमक्या हुकमाने ती वापरता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामाला लागलेली टी-पेशी आपल्या अंगावर इन्सुलिनचे रिसेप्टर उभे करते. त्यांच्याकडून येणारा निरोप तिला वाढायला, साखर घ्यायला मदत करतो. ज्या शरीराने इन्सुलिनचं ऐकणं सोडलं आहे तिथे हा निरोपही मंद पडण्याचा संभव असतो.

पण माझ्या मते मोठी अडचण दुसरीच आहे. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी स्वस्थ बसलेली नसते. ती टीएनएफ, आयएल-६ अशी दाहाची रसायनं दिवसरात्र थोडी थोडी सोडत राहते. भाऊ पखवाज वाजवतात, डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणं येतं, म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. भजन सुरू व्हायच्या आधीपासून मंडपात चाळीस जण झांजा बडवत बसले असतील, तर पखवाजाची पहिली थाप कोणाला ऐकू जाणार? लस ही ती थाप. मायामीच्या संशोधकांनी लठ्ठ माणसांच्या बी-पेशी तपासल्या तेव्हा त्या लस द्यायच्या आधीच टीएनएफ बनवताना सापडल्या. आधीच अशा पेटलेल्या बी-पेशींनी फ्लूच्या लसीला दिलेलं उत्तर कमकुवत होतं.

भाऊंनी मांडीवर बोटांनी हलकेच ताल धरला आणि थांबवला. पटलं होतं.

ही गोष्ट आजची नव्हे. हिपॅटायटिस बीची लस नवी होती तेव्हा, १९८५ सालीच, अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांमध्ये लठ्ठपणा आणि कमी टायटर यांची सांगड दिसली होती. त्यानंतर वय ४० च्या वर, पुरुष असणं, धूम्रपान, मधुमेह, किडनीचे आजार हे त्या यादीत येत गेले. डायलिसिसच्या पेशंटना या लसीचा दुप्पट डोस देतात तो याचसाठी. फ्लूच्या लसीचं थोडं वेगळं आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लठ्ठ लोकांचं टायटर महिन्याभराने चांगलं चढलं, पण वर्षाच्या शेवटी इतरांपेक्षा जास्त उतरलं. त्याच गटाने २०१७ साली दाखवलं की लस घेतलेल्या लठ्ठ लोकांना, अँटीबॉडी सारख्याच असूनही, फ्लू किंवा फ्लूसारखा आजार होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. कोविडच्या लसीनंतर स्कॉटलंडमध्येही अतिलठ्ठ लोकांचं संरक्षण लवकर ओसरताना दिसलं.

याचं दुसरं टोकही आहे, आणि मला ते विसरू द्यायचं नाही, कारण आमच्याच तालुक्यात कातकऱ्यांची कुपोषित मुलं मी बघतो. उपाशी शरीरात लेप्टिन हे चरबीतून येणारं संप्रेरक घसरतं आणि टी-पेशी थंडावतात. १९९८ साली उपाशी उंदरांना लेप्टिन देऊन त्यांची प्रतिकारशक्ती परत आणता आली होती. चरबी फार झाली तरी अडतं, आणि शरीराने ‘घरात काही नाही’ असं जाहीर केलं तरी अडतं.

थांबायचं की टोचायचं

सप्टेंबरात आमच्यासमोर खरा पेच होता. जुलैचा डोस दुसऱ्या फेरीतला पहिला धरायचा, मग दुसरा आता आणि तिसरा जानेवारीत. भाऊंचं म्हणणं, आधी साखर उतरवू, मगच लस घेऊ, उगाच डोस फुकट कशाला? ऐकायला बरोबर वाटतं. मी नाही म्हटलं, आणि आजही नाहीच म्हणेन. साखर उतरायला महिने लागतात. त्या महिन्यांत ते रोज सुया हाताळणार होते. मधुमेह असलेल्या बहुतेक माणसांना लसीचा फायदा मिळतोच. प्रमाण थोडं कमी असतं इतकंच. अमेरिकेत तर २०११ सालीच ६० वर्षांखालच्या मधुमेहींना ही लस मुद्दाम घ्यायला सांगितलं होतं, कारण साखर तपासायची सुई आणि यंत्रं एकमेकांत वापरल्याने हा आजार पसरलेला तिथे सापडला होता. म्हणून साखर आणि लस दोन्ही एकदमच सुरू केलं.

मेटफॉर्मिन सुरू झालं. या गोळीचा आणि आपल्या विषयाचा एक धागा आहे. २००९ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात लसीनंतर मेटफॉर्मिन दिलेल्या उंदरांमध्ये आठवण धरणाऱ्या टी-पेशी वाढल्या होत्या, कारण पेशींचा स्निग्धाकडे वळायचा तो फेर त्याने सुधारला होता. भाऊंना मी हे सांगितलं, पण गोळी दिली ती साखरेसाठी.

खाण्याचं बोलणं जास्त लांबलं. कोकणात पावसाळ्यात पानात काय असतं ते मला माहीत आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून ताजं म्हावरं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात, सोबत सुकट किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा. प्रथिन कमी, भात तिन्ही त्रिकाळ. भात सोडा असं सांगणारा डॉक्टर आमच्याकडे फार दिवस टिकत नाही आणि टिकूही नये. आम्ही ठरवलं ते असं: भात दुपारी एकदाच, मुठीच्या मापाने. रात्री कुळथाची पिठी घट्ट करून, किंवा काळ्या वाटाण्याची उसळ, सोबत नाचणीची एक भाकरी. टाकळा, फोडशी, शेवग्याचा पाला पावसात फुकट मिळतो, तो पोटभर. होड्या परत गेल्यावर बांगडा आणि तारली, तळून नव्हे, कालवणात. जेवल्यावर अर्धा तास बंदरापर्यंत चालत जाऊन यायचं.

आणि झोप. यावरून आमची खरी ओढाताण झाली. १९ सप्टेंबरला गणपती. त्या दिवसांत रात्ररात्र बाऱ्या, पहाटे घरी, आठला लॅब. शिकागोला २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुण, धडधाकट मुलांना चार रात्री चार-चार तासच झोपू देऊन मग फ्लूची लस दिली. दहा दिवसांनी त्यांच्या अँटीबॉडी नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी होत्या. हिपॅटायटिस बीच्या लसीबाबतही २०१२ साली दिसलं की रोज सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांत संरक्षण न मिळण्याचा संभव जास्त. हे ऐकून भाऊ गप्प झाले. भजन सोडा हे मी त्यांना सांगूच शकत नव्हतो. शेवटी डोस गणपतीच्या अकरा दिवस आधी, ८ सप्टेंबरला दिला, आणि त्या आठवड्यात एकही बारी नाही असं त्यांनी कबूल केलं. बुवांनी पखवाजाला दुसरा माणूस बघितला. गौरीच्या दिवशी दोन मोदक खाल्ले, तेही मला विचारून.

पुढे

ऑक्टोबर ते डिसेंबर कामाचे गेले, सांगण्यासारखं विशेष नाही. जानेवारी २०२४च्या शेवटी तिसरा डोस दिला तेव्हा एचबीए१सी ६.८, कंबर ८८, वजन ५९. रात्री एकदाच उठतात. मानेवरचा पट्टा फिका झालेला, गेलेला नाही.

मार्चमध्ये, शिमग्याच्या आठवड्यात, टायटर आलं. १४२.

साखर उतरवल्यामुळे हा आकडा आला, असं मी ठामपणे म्हणणार नाही. पहिल्या फेरीत काहीच न चढलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्या पूर्ण फेरीत चढतात, साखरेचं काहीही न करता. एकाच माणसात गोळी, भात, झोप, चालणं आणि तीन जास्तीचे डोस, सगळं एकदम बदललं. त्यातलं कशाने काम केलं हे एका भाऊंवरून ठरवता येत नाही. पण लसीने न दिलेल्या उत्तराचा माग काढत गेलो नसतो, तर हा मधुमेह कदाचित डोळ्यांत किंवा पायात उतरल्यावर सापडला असता. टायटर तीन आलं, त्यामुळे माझी नजर दंडावरून मानेवर गेली.

आता त्या लॅबमध्ये नवीन कोणी लागलं की पहिल्या डोसच्याच दिवशी साखर आणि कंबर मोजतात, आणि शेवटच्या डोसनंतर दीड महिन्याने टायटर. रजिस्टरला दोन रकाने वाढले. रेघा भाऊंनी स्वतः मारल्या आणि जुन्यांची नावंही पहिल्यापासून लिहायला घेतली.

लिहिताना एका नावापुढे कार्डच सापडेना. लॅब झाडून पुसून घेणाऱ्या मावशी, वय ५२, अकरा वर्षं तिथे आहेत. वापरलेल्या सुयांचा डबा रोज संध्याकाळी त्याच उचलतात. एकही डोस नाही. विचारलं तर म्हणाल्या, “माका कोणी इचारूकच नाय.”

त्या दिवशी त्यांची उपाशीपोटी साखर ११२ आली, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडे, पण जपावं अशी. कंबर ९१, बाईची ८० च्या आत हवी. भाऊंनी त्यांना खुर्चीत बसवलं, डाव्या दंडावर पहिला डोस दिला, सुई टोपण न लावता सरळ डब्यात टाकली, आणि पुढच्या महिन्याची तारीख त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिली.